माझ्या बायकोचे राजासाहेब

माझ्या बायकोला माझ्याआधी एका राजानं मागणी घातली होती. हे मला गावातल्या कुणी सांगितलं नाही. तिनंच सांगितलं, आणि तेही आमचं लग्न ठरायच्या आधी.

आम्ही कोष्टी. माझे वडील तांडापेठेत मागावर बसत. मी मात्र सुताच्या टंचाईला कंटाळून खापरखेड्याच्या नव्या वीजघरात फिटरच्या हाताखाली लागलो होतो. मुलगी बघायला आम्ही उमरेडला गेलो. तिचे वडील वारलेले, आई दुसऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. मुलगी नॉर्मल स्कूल पास होऊन नागपुरात म्युनिसिपालटीच्या मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि मामाकडे राहत होती. पोहे झाले, चहा झाला. मग तिनं सगळ्यांदेखत आईला म्हटलं, "मले यांच्याशी दोन शब्द बोलाचे आहेत." माझ्या वडिलांनी भुवया उंचावल्या, पण मास्तरीण आहे म्हणून कुणी काही बोललं नाही.

घरामागं कुणीतरी मागावर चढवायच्या सुताचा लांबलचक ताणा पसरून ठेवला होता. त्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी.

"तुमाले कोनी ना कोनी सांगनच," ती म्हणाली, "म्हनून मीच सांगते. मले एका राजानं मागनी घातली होती. मी हो म्हटलं होतं. मंग ते मोडलं. बाकी काही झालं नाही. तुमाले चालत नसन तर आत्ताच सांगा."

मला हसू आलं. राजा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं नाटकातला राजा आला. ती हसली नाही. तेव्हा मी विचारलं, "कोनता राजा?" आणि तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पुढं त्यात इतरांकडून भर पडली, पण मुळातलं तिनं त्या दिवशी सांगितलं तेच होतं.

स्वातंत्र्य मिळालं त्या हिवाळ्यात पूर्वेकडच्या जंगलातली लहान लहान संस्थानं विलीन झाली. त्यांतल्याच एका संस्थानचे हे राजासाहेब. वय चोवीस. नागपूर तेव्हा प्रांताची राजधानी होतं, म्हणून त्यांचा सिव्हिल लाइन्समध्ये बंगला होता. राज्य गेलं होतं, पण दरारा गेला नव्हता. मोटार रस्त्यानं निघाली की त्यांच्या मुलखातून आलेले लोक अजून रस्त्याच्या कडेला डोकं टेकत. त्यांच्या धाकट्या बहिणीची सोयरीक एका मराठी सरदार घराण्यात जुळली होती आणि त्या मुलीला मराठीचा गंध नव्हता. शाळेच्या मोठ्या बाईंनी हिचं नाव सुचवलं. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी टांगा यायचा. ही बहिणीला पुस्तकातलं मराठी शिकवायची, 'आपण बसावे, आपण जेवावे.' राजासाहेब बाजूला वर्तमानपत्र धरून बसायचे. शिकवणी संपली की चहा यायचा, आणि मग गप्पा व्हायच्या.

त्या गप्पांतून जे व्हायचं ते झालं. राजासाहेब स्वतः मोटार घेऊन उमरेडला गेले. मोटार गल्लीत शिरेना, तेव्हा चालत आले. तिच्या वडिलांच्या बंद मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसले आणि तिच्या आईला म्हणाले, मला तुमची मुलगी लग्नाची बायको म्हणून पाहिजे. आईनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. पुढं मी सासूला एकदा विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं? ती म्हणाली, "राजा मांगते तर नाही कसं म्हनाव, अन् हो तरी कसं म्हनाव? मी रडलो बाप्पा."

हिनं हो म्हटलं. राजासाहेब म्हणाले, बहिणीचं लग्न होईपर्यंत थांब, आधी बोभाटा झाला तर तिचं मोडेल. ही थांबली. बहिणीच्या लग्नाची बोलणी शेवटाला आली तेव्हा सरदार घराण्यानं अट घातली: आमची मुलगी तुम्ही करा, तुमची आम्ही करतो. साटंलोटं. राजासाहेबांनी हो म्हणावं म्हणून त्यांच्या आईनं, राजमातांनी, जेवण सोडलं. बहीण तोवर नवऱ्या मुलाला मराठीतून पत्रं लिहायला लागली होती, आणि ती पत्रं हीच तपासून देत होती. एका दुपारी राजासाहेब शाळेच्या फाटकाशी आले आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं. ही म्हणाली, "जा."

"अन् आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. पन खोटं बोलून संसार नाही होत माह्याच्यानं."

मी घरी येऊन वडिलांना पसंत आहे म्हणून सांगितलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडा अभिमानच वाटला. जिला राजानं मागितली ती माझ्या घरी भाकरी थापणार होती. वीजघरातल्या एका मित्राला मी हे सांगितलंही. लग्नानंतर मात्र सांगवेना.

आमचा संसार चांगला झाला. मुलगी झाली. ही शाळेत जायची, मी इतवारीहून सुटणाऱ्या छोट्या गाडीनं पाळीवर जायचो. राजाचा विषय पुन्हा निघाला नाही. माझ्या मनातून तो गेला होता असं मात्र मी म्हणणार नाही. ती खिडकीशी गप्प बसली की मला वाटायचं, आत्ता ती कुठं असेल? विचारावं तर ती खरं सांगेल, याची भीती. म्हणून विचारत नव्हतो.

नागपूरची राजधानी गेली त्यानंतरचा दुसरा उन्हाळा. शाळेला सुट्टी लागली होती. सकाळी दहाच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात छत्री, घर विचारत आले. बंगल्याचे कारभारी. त्यांनी हिच्या हातात लिफाफा दिला आणि पाणीसुद्धा न घेता ओट्यावर उभे राहिले.

हिनं पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्यापुढं ठेवलं. पत्र राजासाहेबांचं नव्हतं. राणीसाहेबांचं होतं, त्या साट्यालोट्यात आलेल्या. वळणदार अक्षरात लिहिलं होतं की राजेसाहेबांना पोटाचा असाध्य आजार आहे, डॉक्टरांनी हात टेकले आहेत. 'ते तुमचं नाव घेत नाहीत. पण तापात जे बोलतात ते तुमच्याशी बोलतात, हे मला कळतं. सुट्टी असेल तर थोडा वेळ यावं. आपल्या यजमानांना विचारून यावं.'

"काय करू?" ती म्हणाली.

माझी त्या महिन्यात दुपारची पाळी होती. मी अंगात सदरा घालत होतो. नाही म्हटलं असतं तर ती गेली नसती. पण मग मरणाऱ्या माणसाकडं जायचं राहून गेलेली बाई जन्मभर माझ्यासमोर वावरली असती. आणि हो म्हटलं तर काय, ते मला माहीत नव्हतं.

"जा," मी म्हटलं. "मी सायकलनं सोडून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तिला कॅरियरवर बसवून निघालो. मुलीला माझ्या आईकडं ठेवलं. गांधीबागेतून, रेल्वेच्या पुलावरून, सिव्हिल लाइन्सपर्यंत. तिनं रोजचंच निळं लुगडं नेसलं होतं; ठेवणीतल्या लुगड्यांची पेटी उघडली नव्हती, ते मी बघून ठेवलं होतं. चढावर उतरली, माझ्याबरोबर चालली, पुन्हा बसली.

मी बाहेर कडुनिंबाखाली थांबणार होतो. पण थोड्या वेळानं आतून बोलावणं आलं. खोलीला वाळ्याचे पडदे होते, त्यांच्यावर पाणी मारलेलं. पलंगावर एक माणूस होता, इतका वाळलेला की चादरीखाली कुणी आहे की नाही कळू नये. ही खुर्चीवर बसली होती, पलंगापासून चांगली दोन हात लांब. मी दारातच उभा राहिलो. राजाशी कसं बोलायचं, हात जोडायचे की वाकायचं, काही सुचेना.

राजासाहेबांनी मान वळवली आणि म्हणाले, "या ना जी. काहून उभे राहून राहिले? बसा. मले उठता येत नाही, नाहीतर मीच आलो असतो."

मी बसलो नाही. त्या माणसाचा मुलूख हिंदी, घरात बोली वेगळी, शिक्षण इंग्रजी शाळेतलं. आणि तोंडात उमरेडच्या कोष्टीपुऱ्यातलं मराठी! 'काहून' म्हणताना ही जशी शेवटाला आवाज थोडा वर नेते तसाच नेला होता. हिनं शिकवलं ते 'आपण बसावे' त्याला आलंच नव्हतं. चहा पिताना ती जे बोलली असेल ते आलं होतं. माझ्या घरातल्या चुलीपाशी जे बोलणं चालतं ते त्यानं माझ्याआधी ऐकलं होतं.

"तुमी बाईले आनलं," ते म्हणाले. "लई उपकार झाले."

"उपकार काय जी त्यात," मी म्हटलं. मग मी व्हरांड्यात जाऊन बसलो.

त्यानंतर रोजचाच क्रम झाला. आठला सोडायचं, अकरापर्यंत थांबायचं, घरी पोचवून स्टेशन गाठायचं. ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. ते मधेच थांबवून उमरेडचं विचारायचे, आईचं, मागांचं, आमच्या मुलीचं. आवाज बाहेर यायचा, पण शब्द नेहमी कळायचे नाहीत.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी राणीसाहेब व्हरांड्यात आल्या. मी उठलो. त्यांनी हातानं बसा म्हटलं आणि समोरच्या वेताच्या खुर्चीवर बसल्या. वय तिशीच्या आत, डोक्यावरून पदर, डोळे जागरणानं सुजलेले. नोकरानं वाळा घातलेलं पाणी आणलं.

"तुम्ही रोज थांबता," त्या म्हणाल्या. "कंटाळा येत असेल."

"नाही जी. सवय आहे."

आत तिचं वाचणं चाललं होतं. मग राणीसाहेब माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लग्न होऊन मी आले तेव्हा ते पहिलं वाक्य मला काय म्हणाले माहीत आहे? 'तुमाले भूक लागली काय?' मी हसले. मला वाटलं, गंमत करताहेत. नंतर कळलं, त्यांना दुसरं मराठी येतच नाही. मी विचारलं, हे कुणाकडून शिकलात? त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही."

"आमच्या हिनंही काही लपवलं नाही," मी म्हटलं.

"लपवलं असतं तर भांडता तरी आलं असतं," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. एवढी मोठी बाई, आणि माझ्याच मनातलं बोलली. तुम्ही मग पत्र का लिहिलंत, असं विचारावंसं वाटलं. त्यांनाच ते कळलं असावं. म्हणाल्या, "मी सात वर्षं त्यांची सेवा केली. आता त्यांना माझ्याकडून काही नको आहे. पाणी घेतात, औषध घेतात, थँक यू म्हणतात. मग मी काय करू? जे हवं आहे ते आणून देणं एवढंच हातात होतं."

तेवढ्यात आतून ही हसली. मोकळं, मोठ्यानं. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण असं हसणं माझ्या कानावर पडलं नव्हतं. राणीसाहेबांनी पदर सारखा केला आणि उठून गेल्या. मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो.

त्या रविवारी माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली. सकाळी उठून मी सायकलच्या मागच्या चाकाची हवा सोडली आणि तिला सांगितलं, "आज पंक्चर आहे. दुकान बंद आहे. राहू दे आजचा दिवस."

तिनं चाकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली. चपला घातल्या आणि पायीच निघाली. मे महिना, साडेआठलाच रस्ता तापलेला. मी ओट्यावर बसून पाहत होतो. ती कोपऱ्यावरून वळली तेव्हा मी धावत आत जाऊन पंप आणला, हवा भरली आणि गांधीबागेपाशी तिला गाठलं. मी सायकल थांबवली. ती मागं बसली. पुलावर आल्यावर पाठीमागून म्हणाली, "तुमाले तरास होते, मले कळते. तुमी म्हटलं तर उद्यापासून नाही येत."

"मी कुठं काही म्हटलं?"

"म्हनत नाही, म्हनूनच तं."

राजासाहेबांनीही मला एकदा एकट्याला आत बोलावलं. ही बाहेर त्यांच्या बहिणीशी बोलत होती. ती बहीण आता दोन मुलांची आई, सासरहून भावाला भेटायला आली होती. राजासाहेबांचा आवाज फार खोल गेला होता. मला वाकून ऐकावं लागलं.

"बाईनं मले म्हटलं, जा," ते म्हणाले. "अन् मी गेलो. लोक म्हनतात राजमातेनं अडवलं, अमक्यानं अडवलं. कोनी नाही अडवलं. पाचशे गावं माह्या शब्दावर उठत होते, अन् मले एक नाही म्हनता आलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "तुमी तिले बोल लावू नका हं जी."

मी "नाही" म्हटलं. त्यांनी हात पुढं केला. तो धरला तेव्हा मला या माणसाचा राग राहिला नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं. राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशी तीन मोटारी उभ्या होत्या. राजमाता आल्या होत्या, त्यांच्याबरोबर भाऊबंद, पुरोहित, जुने सरंजामदार. कारभारी फाटकातच आडवे आले. छत्री काखेत, नजर जमिनीवर. "आता मास्तरीणबाईंची गरज नाही," ते म्हणाले. "राजमातांचा हुकूम आहे."

"एकदा फक्त—" मी म्हटलं. आपणच कुणाची तरी रदबदली करतोय, हे मला बोलून गेल्यावर कळलं. "पाच मिनिटं, जी. दारातून."

"माझ्या हातात काही नाही हो," म्हातारे म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

व्हरांड्यात राणीसाहेब दिसल्या. आम्हाला पाहून दोन पावलं पुढं आल्या. आतून कुणीतरी हाक मारली. त्यांनी तिथूनच हिच्याकडं बघून हात जोडले, पदर पुढं ओढला आणि आत गेल्या. ही फाटकाची सळई धरून उभी होती. तिनंही हात जोडले. ते राणीसाहेबांना दिसले नाहीत.

"चला," ती म्हणाली.

त्यानंतर चौथ्या दिवशी शेजारचे मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले. आतल्या पानावर चार ओळी होत्या: अमुक संस्थानचे माजी नरेश निधन पावले, पार्थिव संस्थानच्या राजधानीत नेण्यात आले. मास्तरांना काही ठाऊक नव्हतं, ते सहज म्हणाले, "तरनाच होता बिचारा." ही परातीत कणीक मळत होती. तिनं ऐकलं. मळत राहिली. पाणी घातलं, पुन्हा मळली. पोळ्या केल्या, मुलीला भरवलं.

मी मुलीला उचलून आईकडं ठेवून आलो. म्हटलं, घर मोकळं असलं म्हणजे ती रडेल. मुद्दाम वेळ काढला, पानठेल्यावर उभा राहिलो. परत आलो तर तिनं सगळं घर झाडून काढलं होतं, भांडी राखेनं घासून ओळीनं उपडी घातली होती, आणि ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे.

मी तिच्यासमोर बसलो. माझा बाप गेला तेव्हा तिनं मला कुशीत घेतलं होतं. मला तेही करता येईना. हात पुढं न्यावा तर तो कोणत्या नात्यानं?

"रडून घे वं," मी शेवटी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमच्यापुढं कशी रडू?"

"मंग मी बाहेर जाऊ काय?"

"तुमी बाहेर गेले," ती म्हणाली, "तं मंग मी कोनापाशी रडू?"

आम्ही तसेच बसून राहिलो. गल्लीत कुणाचा तरी माग चालला होता, खटक-खटक. बाराची वेळ झाली. माझी गाडी चुकली असती. मी उठलो, डबा घेतला. दारात थांबून वळून पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "जा, उशीर होईन." मी गेलो. गाडी हलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि कामठी रोडचं फाटक येईपर्यंत त्या सुटकेची लाज वाटायला लागली. वीजघरात त्या दिवशी मी दोनदा चुकीचा व्हॉल्व्ह धरला आणि फिटरच्या शिव्या खाल्ल्या.

जुलैत शाळा सुरू झाली. ती पुन्हा निळं लुगडं नेसून जायला लागली. आम्हाला पुढं एक मुलगाही झाला. आमचं भांडण असं कधी झालं नाही. राणीसाहेब त्यांच्या माहेरी परत गेल्या असं कानावर आलं, आणि बंगला कुठल्याशा सरकारी कचेरीनं घेतला.

त्या दिवशी मी गेल्यावर ती रडली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आज ती नाही. असती तर विचारलं असतं, असं मी मुलीला म्हणालो; पण ते खरं नाही. ती असती तरी मी विचारलं नसतं.